धूळ दिसली पाहिजे

चाकणमध्ये मी धूळ ओढणारी यंत्रं विकते असं सांगितलं की लोक आधी हसतात. कांद्याचे ट्रक, कंपन्यांच्या बसेस, कायम खोदलेले रस्ते, आणि त्यात ही बाई म्हणते धूळ ओढून घ्या. एका लग्नाच्या पंगतीत मामांनी मला विचारलं होतं, "मग चौकापासूनच सुरुवात कर की. पाइप केवढा आहे तुझा?"

तर आधी काम सांगते. विजेवर चालणाऱ्या हत्यारांचं दुकान आहे, मी तिथे काउंटरवर असते. ड्रिल, कटर, ग्राइंडर, लाकूड घासायचा सँडर, खाचा पाडायचा राउटर. निम्मा आठवडा मी वर्कशॉप फिरून डेमो देते. डेमो म्हणजे यंत्र गिऱ्हाइकाच्या जागेत न्यायचं, त्याच्याच हत्याराला जोडायचं आणि त्याच्याच धुळीत चालवून दाखवायचं. माझ्या वाट्याला व्हॅक्यूम आले, कारण दुकानात दुसरं कुणी ते विकायला तयार नव्हतं. ड्रिल घेतलं की भोक पडतं, कटर घेतला की प्लाय कापला जातो. व्हॅक्यूम घेतला की काय होतं? काहीच होत नाही. खोकला होत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, संध्याकाळी झाडू मारावा लागत नाही. न होणाऱ्या गोष्टीसाठी माणसाच्या खिशातून पैसे काढणं फार अवघड आहे.

मला वाटायचं, मी ते सहज करीन. मी निगडीची. पप्पा कंपनीत टर्नर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. जयंतीच्या दिवसांत वस्तीची पत्रकंही तेच लिहायचे. आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर अंथरुणं पडायची. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर, त्यामुळे वाक्य उद्गारचिन्हाशिवायही संपू शकतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तेव्हा कामाला लागल्या लागल्या मी व्हॅक्यूमचं एक पत्रक लिहिलं. "कामगार बंधूंनो! तुमची फुप्फुसं ही कुणाच्या बापाची मालमत्ता नाही! आजच जागे व्हा!" वगैरे. दुकानाच्या शेठनी ते दोनदा वाचलं, उलटं करून मागची बाजूही बघितली.

"पोरी, ह्यात मशीनचं नाव कुठेय?"

नाव राहूनच गेलं होतं. पत्रकं मात्र वाटून झाली होती. पुढे आठवडाभर दुकानात माणसं येत होती आणि विचारत होती, मोर्चा कुठून निघणार आहे.

या धंद्यात गिऱ्हाईक बहुतेक वेळा एका आकड्यावर अडकलेलं असतं. "ताई, सगळ्यात जास्त वॅटचा दे." मी सांगते, दादा, वॅट म्हणजे तो वीज किती खातो. जेवण भरपूर करणारा माणूस काम भरपूर करतोच असं नाही. हवा किती ओढतो ते बघा, फिल्टर कसा आहे ते बघा. एक जण घरचा व्हॅक्यूम घेऊन आला होता, बायकोच्या माहेरून आलेला. त्याने त्यात भिंतीची पुट्टी घासताना उडालेली पावडर ओढली होती. ती असते मैद्यासारखी. फिल्टर लिंपला गेला, हवा बंद झाली, मोटर जळली. तो मला विचारत होता, "दुरुस्त नाही झाला तरी चालेल, पण वरून नवा दिसेल का? सासूबाई यायच्यात." आणखी एकाने ग्राइंडरच्या ठिणग्या लाकडाच्या भुशाने भरलेल्या टाकीत ओढल्या. त्याचा व्हॅक्यूम आतून धुमसत होता आणि तो म्हणत होता, "कंपनी गरम करून देते का?" लोखंडाच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका टाकीत कधीही घेऊ नका. हे मी इथे दिवाळी अंकातही लिहून ठेवते, कारण बॉक्सवर लिहिलेलं कुणी वाचत नाही.

पण मला सांगायचंय ते चाकणजवळच्या निघोज्याच्या येळवंड्यांबद्दल.

येळवंडे अण्णा जुन्या शेतकरी घरातले. जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी पत्र्याची शेड टाकली आणि फर्निचरचा धंदा सुरू केला. किचनच्या ट्रॉल्या, कपाटं, टीव्ही युनिट. प्लाय आणि एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्या, शेडमध्ये कापायच्या, मग टेम्पोत घालून फ्लॅटवर न्यायचं, तिथे घासून, बसवून द्यायचं. हा सगळा धंदा सुभाष मिस्त्रींवर उभा होता. मिस्त्री परभणीकडचे. त्यांनी बसवलेल्या कपाटाचं दार लागलं की फक्त 'टप्' असा मऊ आवाज येतो. आणि मिस्त्री खोकत होते. मी पहिल्यांदा शेडवर गेले तेव्हा कटरच्या आवाजातही तो खोकला ऐकू आला.

"मास्क दिल्यात की आमी," अण्णा म्हणाले. "बॉक्सच्या बॉक्स आणल्यात."

मास्क मिस्त्रींच्या कपाळावर होता.

"मास्क लावला की चष्म्यावर वाफ यायली, ताई," मिस्त्री म्हणाले. "रेघ दिसंना. रेघ दिसली नाही की बोट जातंय. फुप्फुस हळूहळू जातंय, बोट एकदम जातंय. मग म्या बोट वाचवायलो."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूळ सोडा नाहीतर काम सोडा. मिस्त्रींच्या बायकोने, संगीतावहिनींनी, त्यावर निर्णय देऊन टाकला होता. दिवाळीपर्यंत खोकला कमी झाला नाही तर बिऱ्हाड गुंडाळायचं आणि गावी जायचं. तिकडे मिस्त्रींच्या भावाची पोल्ट्री होती.

"म्या कोंबड्या राखू?" मिस्त्री मला विचारत होते, जणू मीच पाठवत होते. "अन् कोंबड्यांच्या खाली काय अंथरत्यात ठाऊक हाय का? भुसा! इथंबी भुसा, तिथंबी भुसा. इथं निदान त्याचं कपाट तरी होतंय."

मी पेटले. मी अण्णांना तिथल्या तिथे भाषण दिलं. कामगाराचा श्वास, मालकाची जबाबदारी, सगळं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "व्हय, खरं हाय. पर मशीन केवढ्याला?"

दुसऱ्या खेपेला डेमोसाठी मी दोन यंत्रं घेऊन गेले. एक माझ्या तत्त्वांना शोभेल असं: दवाखान्यातल्यासारखा बारीक फिल्टर, चारी बाजूंनी सील, स्वतःचा फिल्टर स्वतः झटकणारं. दुसरं छोटं, साधं, परवडणारं. मला अर्थातच पहिलं द्यायचं होतं. अर्धीमुर्धी सुरक्षितता म्हणजे तडजोड, आणि तडजोड म्हणजे काय ते आमच्या घरात फार वाईट शब्दांत सांगितलं जायचं.

मिस्त्रींनी मोठं यंत्र दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. "ताई, पुढची साइट तिसऱ्या मजल्यावर हाय. बिल्डिंग जुनी, लिफ्ट न्हाई. हे वर नेस्तोवर मला निराळा दम लागंल."

तेव्हापासून मी कुणालाही यंत्र दाखवायच्या आधी विचारते की मजला कितवा. वर न नेलेला उत्तम व्हॅक्यूम खाली टेम्पोत पडून राहतो आणि मिस्त्री वर धूळ खातो. मग आम्ही छोटं यंत्र नीट तपासलं. फिल्टर बारीक धुळीचा होता आणि एक मूठ फिरवली की झटकला जायचा. आत कापडी पिशवी लागत होती. हत्याराची पिन यंत्रातच लावायची सोय होती, म्हणजे सँडर सुरू झाला की व्हॅक्यूम आपोआप सुरू. हे महत्त्वाचं, कारण जे बटण वेगळं दाबावं लागतं ते दुसऱ्या दिवसापासून कुणी दाबत नाही. पाइपचं तोंड मिस्त्रींच्या जुन्या सँडरला बसेना, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. घट्ट बसला.

आता मी म्हटलं, पिशव्या वाचवायच्या असतील तर मध्ये एक बादली ठेवा. पाइप आधी झाकणबंद बादलीत जाईल, भुसा तिथे गोल फिरून खाली पडेल आणि यंत्रात फक्त हवा जाईल. अण्णांनी लगेच डिस्टेंपरची रिकामी बादली आणली. झाकणाला भोकं पाडली, पाइप बसवले, कडा टेपने बंद केल्या. मी यंत्र सुरू केलं, आणि नेमकं पाइपच्या तोंडाला लॅमिनेटचा तुकडा चिकटला. हवा अडली. धाडकन आवाज झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत ती बादली चहाच्या कागदी कपासारखी चुरगळली.

मी डेमोची माफी मागायला तोंड उघडलं.

"आयला!" अण्णा म्हणाले. "ह्ये बादली बी गिळतंय! ह्येच द्या."

माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट झालेली डेमो अशी विकली गेली.

पंधरवड्यात फरक दिसला. शेडमधला प्रकाश स्वच्छ झाला. मिस्त्रींचा खोकला सकाळपुरता उरला. मी जाता-येता थांबायचे, अण्णा चहा पाजायचे आणि यंत्राला 'सोंड' म्हणायचे. "सोंड लावली का रं?" असं ते ओरडले की मला पप्पांच्या सभेतल्या टाळ्या ऐकू यायच्या.

मग काम निगडी प्राधिकरणातल्या तिसऱ्या मजल्यावर गेलं. फ्लॅट देसाईकाकांचा. काका निवृत्त, एकटे, मुलगा परदेशात. ते त्याच घरात राहून काम करून घेत होते. रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवायची, वर्तमानपत्र उघडायचं आणि त्यावरून मिस्त्रींकडे बघायचं. संध्याकाळी फोटो काढून मुलाला पाठवायचे.

चार दिवसांनी अण्णांचा मला फोन आला. "ताई, सोंड काढून ठिवली."

"का?"

"गिऱ्हाईक बोंबलतंय. म्हणतंय, काम बंद हाय."

"काम तर चालू आहे ना?"

"चालूय. पर धूळ न्हाई."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी कपाळावर हात मारला. आमच्या भागात फर्निचरचं काम चालू आहे हे लोक धुळीवरून ओळखतात. संध्याकाळी घरी आल्यावर फरशीवर भुशाचा थर असला, त्यात पावलं उमटली, सोफ्यावरच्या चादरीवर पांढरं बसलं, की मालक समाधानाने म्हणतो, आज जोर लावलाय. फरशी स्वच्छ दिसली की त्याचा अर्थ एकच, मिस्त्री दिवसभर झोपला. मिस्त्री लोकही हे जाणून असतात. कित्येक जण दिवसाच्या शेवटी मुद्दाम झाडू मारत नाहीत. काका स्वतः दिवसभर समोर बसत होते, पण त्यांच्या मुलाला फोटोत स्वच्छ फरशी दिसत होती. तिकडून तो विचारत होता, बाबा, हे लोक येतात तरी का?

मी निगडीची बस पकडली. वाटेत भाषण तयार केलं.

वर गेले तर मिस्त्री सोंडेशिवाय सँडिंग करत होते, फ्लॅटभर पांढरं धुकं होतं आणि धुक्यात काका खुर्चीवर बसून समाधानाने खोकत होते.

"काका, तुम्हीसुद्धा खोकताय!"

"कामाचा खोकला आहे तो," काका म्हणाले. "बसा."

मी उभ्यानेच बोलले. माणसाच्या श्वासापेक्षा तुमचा फोटो मोठा आहे का, इथपासून सुरुवात केली. काकांनी अर्ध्यावर हात वर केला.

"हे बघा, मागच्या वेळी एका माणसाला किचनचं काम दिलं. तोही छान बोलायचा. ॲडव्हान्स घेऊन गेला तो अजून येतोय. मी मुलाला काय दाखवू? मला कळणार कसं, काम झालं की नाही?"

"कपाट दिसतंय की समोर!"

"कपाट काल पण दिसत होतं. आज त्यात काय वाढलं?"

एमडीएफ घासून गुळगुळीत केलं की फोटोत खरंच काही वाढलेलं दिसत नाही. मी चिडून कोपऱ्यातलं यंत्र ओढलं, झाकण उघडलं, पिशवी काढली आणि त्यांच्या वर्तमानपत्रावर रिकामी केली. त्या चार दिवसांची धूळ. मोठा ढीग झाला. काका उठून उभे राहिले.

"एवढी?"

"एवढी. नाहीतर ही सगळी ह्यांच्या छातीत गेली असती. थोडी तुमच्या."

काकांनी ढिगाचा फोटो काढला. मग म्हणाले, "पण रोज पेपरवर ओतणार का? हे चालू असताना दिसेल असं काही करा."

अण्णा तेवढ्यात वर आले होते. बादलीचा अनुभव त्यांना होताच. ते खाली टेम्पोकडे गेले आणि त्यात पडलेला, शेडवरचा पाण्याचा रिकामा जार घेऊन आले, ऑफिसात उलटा ठेवतात तो. जाड, पारदर्शक. तोंडाला लाकडी चकती बसवली, दोन पाइप लावले. मिस्त्रींनी सँडर सुरू केला. जारमध्ये धूळ गोल गोल फिरू लागली आणि तळाशी बसू लागली. काका गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. एखाद्याने मत्स्यालयाकडे बघावं तसे बघत होते. मग कौतुकाने त्यांनी जाराला हात लावला. प्लास्टिकवरून धूळ घासत गेली की त्यावर वीज साठते. काकांना टचकन झटका बसला.

"बापरे! काम जोरात आहे," काका म्हणाले.

त्या दिवसापासून फ्लॅटमध्ये सोंड बंद झाली नाही. उलट नवाच त्रास सुरू झाला. काका रोज संध्याकाळी जाराचा फोटो पाठवू लागले आणि मुलगा तिकडून मत देऊ लागला. एकदा दिवसभर बिजागऱ्या बसवायचं काम होतं, त्यात धूळ कुठून निघणार? काका नाराज. "मिस्त्री, आज जार अर्धा पण नाही. तब्येत बरी आहे ना?" मिस्त्रींनी नाइलाजाने एक चांगली फळी उगाच घासून दिली. मी ते ऐकून संतापले, पण मिस्त्री म्हणाले, "घासू द्या ताई. म्हातारं खूश झालं अन् माझ्या छातीत काय गेलं न्हाई. दोघांचं भागलं."

काम झालं, दिवाळी आली. मिस्त्री पुन्हा डॉक्टरांकडे गेले. खोकला बराच गेला होता. पण डॉक्टरांनी हेही सांगितलं की जी धूळ आधीच आत गेलीय ती गेली, ती आता निघायची नाही. पूर्वीसारखी छाती होणार नाही. आणखी जाऊ दिली नाही तर काम करता येईल. हे मिस्त्रींनी मला सांगितलं तेव्हा मी काउंटरवर होते आणि मागे भिंतीवर ओळीने यंत्रं लावलेली होती. यातलं एक जरी तीन-चार वर्षं आधी निघोज्याला नेलं असतं तर, असं मनात आलं. शेठकडे तेव्हाही ती होती. कुणी नेत नव्हतं, एवढंच.

संगीतावहिनींनी निकाल बदलला, पण अट घातली. त्या स्वतः शेडवर गेल्या आणि अण्णांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "मशीन लावल्याबिगर हात जरी घातला, तर त्याच दिवशी म्या ट्रंक भरायले. मग परभणी. कारण बिरण काय ऐकायची न्हाई." अण्णा मान हलवत होते. मिस्त्री खाली बघत होते. मला खरं सांगायचं तर, त्या अटीवर विश्वास नव्हता. वहिनी घरी, मिस्त्री साइटवर, आणि मधे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक काही बोललं की अण्णांचा कणा कसा वाकतो ते मी निगडीला बघितलं होतं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. चिखलीतल्या एका सोसायटीत वॉर्डरोबचं काम चालू होतं. मी नवा फिल्टर द्यायला गेले होते, अण्णाही तिथेच होते. घरमालक तरुण मुलगा, आयटीतला, घरून काम करणारा. तो लॅपटॉप एका हातावर तोलत बाहेर आला, कानात इअरफोन, माइक बंद असल्याची खात्री करत.

"राव, माझा क्लायंट कॉल आहे. कटर चालू द्या, पण हे धुळीचं मशीन बंद करा ना. दोन-दोन आवाज येतायत. थोडी धूळ झाली तरी चालेल, मी मावशींना सांगतो झाडायला."

मिस्त्रींनी भिंतीतली पिन उपसली. एकाच पिनेवर दोन्ही होतं. कटरही थांबला, व्हॅक्यूमही थांबला. मग ते जमिनीवर बसले आणि खिशातून सुपारी काढली.

"अहो, कटर बंद नका करू!" मुलगा म्हणाला. "वॉर्डरोब शनिवारी पाहिजे."

मिस्त्रींनी मान हलवली, पण उठले नाहीत. मुलाने अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. माझ्या तोंडात एक पूर्ण भाषण तयार होतं, पहिल्या उद्गारचिन्हापर्यंत आलं होतं. अण्णांनी एकदा त्या मुलाकडे बघितलं, एकदा मिस्त्रींच्या छातीकडे, आणि एक प्लायचा तुकडा पुढे ओढून त्यावर मांडी घातली.

"साहेब, तुमची मीटिंग गच्चीवर हुईल," ते म्हणाले. "ह्याचं फुप्फुस न्हाई जात गच्चीवर."

कानातून कुणीतरी मुलाला इंग्रजीत हाका मारत होतं. मग तो लॅपटॉप घेऊन जिना चढून गेला. मिस्त्रींनी सुपारी परत खिशात घातली, पिन लावली, आणि दोन्ही आवाज एकदम सुरू झाले.

पाच मिनिटांनी तो धापा टाकत परत आला. वर फार ऊन आहे, स्क्रीन दिसत नाही, असं ओरडून सांगत होता. कुणाला ऐकू येत नव्हतं. अण्णांनी त्याचं उन्हाने लाल झालेलं तोंड बघून ओळखलं, डोक्यावरची पांढरी टोपी काढली, मांडीवर झटकली आणि त्याच्या हातात दिली.